पंचवीस मिनिटांची वात

साल दोन हजार आठ. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. वस्ताद माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. नक्की सांगता येत न्हाई, कारण त्यांच्या आईनं जन्माची खूण म्हणून गावातली एक विहीर सांगितली होती, आन् ती विहीर कधी खोदली यावर गावात दोन मतं होती. त्या साली दिवाळी झाली आन् वस्तादांच्या डोक्यात चंद्र शिरला.

वस्ताद म्हणजे कुस्तीचे न्हवेत, विहिरीचे. परतूर, मंठा, पार राजूरपर्यंत आमची टोळी विहिरी खोदायची. दगड लागला की सुरुंग वस्ताद लावायचे. माती कुणीबी काढतो, दगडाला अक्कल लागती. मी त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. शाळा माझी चौथीपर्यंत, ती बी धड न्हाई. पण काळ्या दगडात भोक कुठं पाडायचं हे मला आज बी कुणी शिकवू नये.

वस्तादांची तऱ्हा निराळी होती. विहिरीत उतरताना चपला वर काढून ठेवायचे. भोक पाडताना जी बुकणी निघते ती चिमूटभर जिभेवर ठेवायचे आन् डोळे मिटून बसायचे. जमीनवाला घायकुतीला येऊन विचारायचा, "वस्ताद, लागंल ना पाणी?" वस्ताद म्हणायचे, "मी दगडाचा माणूस हाये. पाण्याचं पाण्याला इचारा." बावीस वर्षांत 'लागंल' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला न्हाई. मात्र पाणी लागलं की पहिला तांब्या घरच्या बाईला द्यायचे. जमीनवाला हात पुढं करून उभा असायचा, त्याला ओलांडून. "भरायला तीच जाणार हाये," म्हणायचे.

एकदा मंठ्याकडं एका जमीनवाल्यानं पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला, आन् जिथं नारळ उभा राह्यला तिथं त्यानं टाच मारून खूण केली. वस्तादांनी हात जोडून विचारलं, "किती फुटावर महाराज?"

"पंचावन्न."

"मंग असं करू. पंचावन्न फूट झाले की पहिलं तुम्हालाच खाली सोडू. पाणी असलं तर पेऊन वर या. नसलं तर येईपर्यंत खालीच बसा."

पाणाड्या जेवायला थांबला न्हाई.

आता मोजणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दहा-बारा भोकांत दारू भरायची, प्रत्येकाला वात लावायची. वाती लहान-मोठ्या ठेवायच्या, म्हणजे बार एकामागं एक उडतात. पेटवून वर यायचं, लांब जाऊन बसायचं आन् बार मोजायचे. जितक्या वाती तितके बार झाले तर खाली जायचं. एक जरी कमी भरला, तर तो खाली जिता पडलेला असतो, तुमची वाट बघत. वस्तादांचा रिवाज असा, की मोजायला दोघं बसायचे, एकमेकांकडं पाठ करून, न बोलता. दोघांचा आकडा जुळला तर उतरायचं. न्हाई जुळला, तर त्या दिवशी कुणीच न्हाई, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. ते स्वतः मनात मोजायचे. मी हाताच्या पेरांवर. चार बोटांची बारा पेरं असतात. बार झाला की अंगठा एक पेर पुढं.

एकोणनव्वद साली राजूरच्या अलीकडं एका मळ्यात आमची विहीर चालू होती. चतुर्थी होती. रस्त्यानं गणपतीला जाणारी माणसं चालली होती, आन् मळ्याच्या मालकाकडं पाहुणे आल्ते. बारा वाती पेटवून आम्ही बांधाला येऊन बसलो. पाहुण्यांतला एकजण माझ्याजवळ येऊन टेकला आन् म्हणला, "तुम्ही तर लई हिरी खोदल्या असतील."

बस. कुणी असं विचारलं की माझं तोंड थांबत न्हाई. आज बी थांबत न्हाई. मी त्याला विहिरी सांगायला लागलो. कुठं किती खोल, कुठं किती दगड. आन् माझा हात तोंडाच्या आधी बोलतो. हात बोलायला लागला की अंगठा पेरावर राहत न्हाई.

धूर निवला. वस्ताद उठून आले. "अकरा," म्हणले. "तुझे?"

पाहुणे उभे होते. त्यांच्यादेखत 'माझी मोजणी सुटली' हे तोंडातून निघंना. मी म्हणलो, "बारा."

"बराबर बारा?"

"बराबर. शेवटचे दोन एकावर एक उडाले. तुम्हाला एकच वाटला असंल."

रिवाजाप्रमाणं तिथंच काम बंद व्हायला पाहिजे होतं. वस्ताद माझ्याकडं बघत राह्यले. मंग म्हणले, "तुझा कान माझ्यापेक्षा कवळा हाये." चपला काढल्या आन् खाली उतरले.

बारावा बार त्यांची सब्बल, म्हणजे पहार, दगडाला लागताच उडाला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. डावा कान कायमचा गेला. दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी उभा होतो. सगळी टोळी माझ्याकडं बघून राह्यल्ती. वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "ह्याला कुणी काय बोलायचं न्हाई. हीर खोल व्हती. पडसाद आला असंल, त्यानं तो बी धरला. मोजणाऱ्याची चूक न्हाई, कानाची हाये."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. उद्या सांगू म्हणलो. परवा म्हणलो. तोंडात धरून ठेवलेली गोष्ट जितके दिवस राहती तितकी मोठी होती, मंग ओठांतून मावत न्हाई.

एकट्या वस्तादांच्या बायको, आमच्या वहिनी, पडसाद मानायला तयार न्हवत्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणल्या, "त्यो मोजतच न्हवता. मी ओळखते त्याला, बोलत बसला असंल." वस्ताद त्यांच्यावर ओरडले. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलल्या न्हाईत. रस्त्यात दिसल्या की पदर पुढं ओढून बाजूनं जायच्या. आन् वस्ताद दर वेळी माझ्यासाठी घरात भांडायचे. ते भांडण मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आमचं घर मागंच आहे.

वस्तादांनी सुरुंगाचं काम सोडलं. टोळी मोडली, पुढं बोअरच्या गाड्या आल्या. वस्ताद शाळेच्या आवारातली झाडं सांभाळायला लागले, कुणी सांगितलं न्हवतं तरी. आन् दोन नव्या सवयी त्यांना लागल्या, त्यावरून गाव त्यांना येडं म्हणायला लागलं.

पहिली अशी, की कानावर आलेली कुठली बी गोष्ट ते दोघांना विचारल्याशिवाय खरी धरायचे न्हाईत. एसटीनं हॉर्न वाजवला का, हे दोघांना विचारीपर्यंत एसटी जायची. पुतण्याच्या लग्नात अक्षता मुठीत धरून बसले. एकाला विचारलं, "शेवटचं मंगलाष्टक झालं का?" तो म्हणला, "झालं." दुसरा माणूस जवळ न्हवता. दुसरा सापडीपर्यंत पंगत बसली. वस्तादांनी मंग जेवणाऱ्या नवरा-नवरीच्या पानावर जाऊन अक्षता टाकल्या. नवरीनं भातातून त्या वेचून काढल्या बिचारीनं.

दुसरी सवय टाळीची. विहीर दिसली की वस्ताद काठावर जायचे, वाकून आत टाळी वाजवायचे आन् चांगला कान खाली करून ऐकत राहायचे. एक टाळी. दोन टाळ्या. पडसाद कुठल्या विहिरीत येतो, किती वेळानं येतो, एकाचे दोन ऐकू येतात का. गावातली, शेजारच्या गावातली एक विहीर त्यांनी सोडली न्हाई. बायका पाणी शेंदता शेंदता थांबून हसायच्या. मला एकट्याला ठाऊक होतं ते काय शोधून राह्यले होते. अकरा बारांचे बारा ऐकू येतात अशी एखादी विहीर त्यांना पाहिजे होती. माझा शब्द खरा करायला.

एकदा संध्याकाळी घाईनं माझ्या दारात आले. म्हणले, "सापडली. वाटूरकडं एक हीर हाये, जुनी, चौकोनी. टाळीचे दोन आवाज येतात. एकदम साफ. तुझी चूक न्हवती गड्या." एवढं सांगायला सहा कोस चालत जाऊन आल्ते. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार.

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते पाणी पेतानाचे मला रोज दिसतात.

तर चंद्राचं. शाळेत एक तरुण सर आल्ते, जालन्याचे. ते वर्गात सांगत होते, की आपल्या देशाचं यान चंद्राभोवती फिरून राह्यलंय, आन् त्यातून एक पेटी सुटून चंद्रावर आपटणार आहे. मुद्दाम आपटवायची. वस्ताद बाहेर झाडाला आळं करत होते. खुरपं तसंच टाकून खिडकीत आले.

"सर, तिथला दगड कसलाय?"

सर म्हणले, "ते काळे डाग दिसतात ना बाबा, तो आपल्यासारखाच काळा दगड."

"मंग नुसतं आपटून काय उपेग? भोक पाडल्याबिगर?"

"धूळ उडंल. ती तपासता येती."

"बुकणी," वस्ताद म्हणले. मान हलवली. "बराबर. आन् किती वेळ पडत राहणार ती पेटी?"

"सुटल्यापासून पंचवीस मिनिटं."

"पंचवीस मिनटाची वात," वस्ताद स्वतःशीच म्हणले. मंग विचारलं, "तिथं पडसाद येतो का?"

सर हसले न्हाईत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणले, "तिथं हवाच न्हाई बाबा. आवाजच न्हाई, तर पडसाद कुठला."

ही गोष्ट वस्तादांना इतकी आवडली की चार-पाच दिवस ते भेटंल त्याला तीच सांगत फिरले. एकच बार, आन् पडसाद न्हाई. मोजणाऱ्याला फसायला जागाच न्हाई. मला दोनदा म्हणले, "तू तिथं असतास तर बराबर मोजले असतेस." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हणलं. मला त्या रात्री भाकरी गोड लागली न्हाई.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपटणार होतं, रात्री साडेआठच्या सुमाराला. त्या काळात आमच्याकडं संध्याकाळची लाइट जायची ती दहाशिवाय यायची न्हाई, त्यामुळं टीव्ही असून नसल्यासारखे. रेडिओ माझ्याकडं होता. वस्ताद आठ वाजताच घोंगडी घेऊन माझ्या अंगणात आले. चंद्र लिंबाच्या वर आल्ता, जरा तांबूस, पुरा. खालच्या रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होती, तिच्यावर उजेड पडलेला. वस्ताद चांगला कान चंद्राकडं करून बसले.

"वस्ताद, तिथला आवाज इथं येत न्हाई."

"ठाऊक हाये. बसायची सवय हाये."

"मंग पाठ करून बसा, रिवाजाप्रमाणं."

"आज बघायचंय," म्हणले. "हिरीत कधी बघता आलं न्हाई."

आठ वाजून गेले. पेटी सुटली असं रेडिओनं सांगितलं. वस्तादांनी खिशातून बिडी काढली, पेटवली न्हाई, नुसती बोटांत धरली. त्या हाताला तीनच बोटं. रेडिओवर मधीच गाणी लागली, मधीच कुणी इंग्रजीत बोललं. सेल उतरत आल्ते. आवाज बारीक होत चालला होता. मी रेडिओ कानाला लावला. मंग बातमीवाला आला. 'चंद्राच्या' म्हणला, 'पृष्ठभागावर' म्हणला, आन् पुढं नुसती खरखर. मी सेल काढून हातावर चोळले, परत घातले. खरखर बी बंद झाली.

"काय म्हणला?" वस्तादांनी विचारलं. "आपटलं का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. 'आपटलं' म्हणायला काय हरकत होती? बहुतेक आपटलंच असणार. बातमीवाल्याचा आवाज बी खुशीतला होता. तोंडापर्यंत शब्द आल्ता. वस्ताद माझ्या तोंडाकडं बघत होते, अगदी भरोशानं. मी जे म्हणंन ते धरून ते चंद्राकडं बघून मान हलवणार होते.

"न्हाई वस्ताद," मी म्हणलो. "मला ऐकू आलं न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग न्हाई म्हणायचं. त्यात काय."

किती सहज म्हणले. त्यांच्यासाठी ते एवढंच होतं. मी उठलो, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसलो.

"त्या दिवशी बी न्हवतं आलं," मी म्हणलो.

त्यांनी बोटांतली बिडी नुसती फिरवली. मला वाटलं ऐकू गेलं न्हाई. परत म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणले, "पडसाद न्हवता?"

"पडसाद न्हवता. मी मोजतच न्हवतो."

"काय करून राह्यल्ता मंग?"

"बोलून राह्यल्तो. पाव्हण्याला माझ्या हिरी सांगून राह्यल्तो."

"किती सांगितल्या?"

"शंभर."

"व्हत्या किती?"

"चाळीस असतील."

"म्हणजे तिथं बी मोजणी चुकलीच," ते म्हणले. मला हसू आलं. ते हसले न्हाईत. बिडी खाली ठेवली आन् चंद्राकडं बघत राह्यले.

मंग म्हणले, "एकोणीस वर्सं मी हिरीहिरीनं टाळ्या वाजवत फिरलो."

"मला दिसत व्हतं."

"दिसत व्हतं आन् गप बसला."

"हां."

तेवढ्यात सरांची मोटारसायकल आली. दिव्याचा उजेड आमच्या तोंडावर पडला. सर लांबूनच म्हणले, "आपटलं बाबा. जालन्याहून भावाचा फोन आला आत्ताच, टीव्हीवर दाखवलं. ठरल्या जागी, ठरल्या टायमाला. पेटीवर आपला झेंडा चितारलेला व्हता."

"मोजायला कितीजण व्हते?" वस्तादांनी विचारलं.

"अख्खा देश बसला व्हता."

"ह्याला सोडून," वस्ताद माझ्याकडं बोट दाखवून म्हणले. "ह्याला ऐकू आलं न्हाई. इचारा पाहिजे तर. साफ सांगतो."

सरांना त्यात काय एवढं ते कळलं न्हाई. ते चंद्राकडं बघून हसले, वस्तादांचा हात धरून हलवला आन् निघून गेले. दुसऱ्या कुणाला विचारायचं वस्तादांच्या ध्यानात बी आलं न्हाई. एका माणसाच्या सांगण्यावर त्यांनी चंद्रावरचा बार मोजून टाकला.

मंग त्यांनी घोंगडी झटकली. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला सांगितलंस, ठीक झालं," ते म्हणले. "आता घरात येऊन सांग."

"वहिनीला?"

"तिला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं. मी तिला एकोणीस वर्सं खोटं पाडलं, तुझ्यापायी. दोनदा माहेरी निघून गेल्ती ती, त्याच भांडणावरून."

"सांगतो कधीतरी."

"कधीतरी न्हाई. सकाळी."

ते गेले. मी अंगणातच बसून राह्यलो. मनाशी म्हणलो, बाईमाणसाला कशाला सांगायचं, इतक्या वर्षांनी काय फरक पडतो, वस्तादांनी समजून घेतलं की झालं. माझा स्वभाव असा, की चूक कबूल करायची पाळी आली की मला शंभर कारणं सुचतात. त्या रात्री सगळी सुचून संपली. चंद्र माथ्यावर गेला, मंग खाली उतरला. वस्तादांच्या घरात रात्रभर भांडणाचा आवाज आला न्हाई. तेच मला जास्त लागलं.

सकाळी उजाडलं तसा उठलो, तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली आन् त्यांच्या दारात गेलो. वहिनी अंगण झाडत होत्या. मला बघून त्यांनी पदर ओढला आन् पाठ केली. वस्ताद ओट्यावर बसले होते. माझ्याकडं न बघता दोरी वळत होते, पण चांगला कान माझ्या बाजूला होता. मी उभ्यानं न सांगता खाली मातीत बसलो आन् सगळं सांगितलं. बारा वाती, पाहुणा, शंभर विहिरी, अंगठा, आन् तुम्ही म्हणला होता तेच खरं होतं, वहिनी. काही गाळलं न्हाई. झाडूचा आवाज थांबला, मंग परत सुरू झाला. माझ्या चारी बाजूंनी त्यांनी अंगण झाडून घेतलं, मी बसलो होतो तेवढी जागा सोडून. ऊठ म्हणल्या न्हाईत, बस म्हणल्या न्हाईत. घरी जायला मला कुणी अडवलं न्हवतं. पण मी हट्टी माणूस आहे. त्या काहीतरी बोलतील तोपर्यंत उठायचं न्हाई असं ठरवलं, आन् ऊन अंगणात येऊन माझ्या पाठीवर चढलं तरी तिथंच बसून राह्यलो.